इंजेक्शनने भाचीच्या पायाची नस दुखावली. नुकसानभरपाई मागता येते का, आणि कुणाकडे?

दुधनाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे कापूस-सोयाबीनच्या धाग्यांवर भांडत असतो, स्वतः धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबलाय, सांभाळून घ्या.

माझी भाची, ताईची धाकटी. आठ महिन्यांपूर्वी, म्हणजे दीड वर्षाची असताना, गावच्या अंगणवाडीत बूस्टरसाठी नेली. ताई त्याच अंगणवाडीत मदतनीस आहे. घरोघर फिरून पोरं गोळा करून आणायची ती हीच. त्या दिवशी नेहमीच्या सिस्टर रजेवर होत्या, बदलीवर दुसरी मुलगी आली होती. गर्दी भरपूर. एक सुई उजव्या दंडाला दिली, तोंडात दोन थेंब टाकले. दुसऱ्या सुईच्या वेळी पोर ताईच्या खांद्यावर पालथी होती, तर तशीच डाव्या कुल्ल्यात दिली. ताई म्हणते, पोरं रडतातच, पण ही रडली नाही, किंचाळली आणि मग एकदम गप झाली.

संध्याकाळी डावं पाऊल लोंबत होतं. अंगठा वर ओढेना. आरोग्य केंद्रात सांगितलं, ताप आहे, लसीने येतो, उतरेल. ताप उतरला, पाऊल उतरलेलंच राहिलं. चौथ्या दिवशी जिल्ह्याला नेलं, तिथे तीन दिवस ठेवली. पाचव्या आठवड्यात शहरातल्या मेंदू-नसांच्या डॉक्टरांनी नसेची चाचणी केली आणि कागदावर लिहून दिलं की सायाटिक नसेला इंजेक्शनची इजा आहे.

आता ती सव्वादोन वर्षांची आहे. प्लास्टिकचा स्प्लिंट घालते. चालताना डावा गुडघा सायकल चालवल्यासारखा उंच उचलते आणि पाऊल फटकन आपटते. घरात ती कुठे आहे हे न बघता कळतं. डाव्या पायात चप्पल टिकतच नाही, म्हणून बूट. त्याचं टोक महिन्याभरात घासून पांढरं होतं. आजवर नव्वद हजाराच्या आसपास गेले.

कार्डावर फक्त लसीची तारीख आहे, जागा लिहिलेली नाही. वैद्यकीय अधिकारी तोंडी म्हणतात, 'मांडीतच दिलं होतं, तुमचा गैरसमज आहे.' आमच्याकडे पुरावा म्हणाल तर एकच. ताईने त्याच रात्री मला फोटो पाठवला होता, कुल्ल्यावरचा लाल टिपका आणि लोंबतं पाऊल.

गावात दोन पक्ष झालेत. एक म्हणतो लसीने पोर पांगळी झाली, आपल्या पोरांना नको. दुसरा म्हणतो सिस्टरच्या पोटावर पाय देऊ नका, तिनेच गावातली बाळंतपणं केलीत. ताईला दोन्ही बोलणी लागतात. ती मला म्हणते, 'मी पोरं नेते म्हणून लोक येतात, मी कुणाविरुद्ध लिहू?'

काय करता येईल? ग्राहक मंच, पोलीस, हायकोर्ट, जो तो वेगळंच सांगतोय.

जागल्या_२१

सरळ कंपनीवर केस टाका. कोविशिल्डचं काय झालं बघितलं ना? त्या कंपनीने इंग्लंडच्या कोर्टात कबूल केलं. मुंबई हायकोर्टात एका बापाने १००० कोटी मागितलेत. आमच्या ग्रुपमध्ये या, एकत्र याचिका करू. सगळ्या लसी

(पुढचा मजकूर आणि दुवे संपादकांनी काढले.)

बालवैद्य

@दुधनाकाठ, आधी मुलीचं, मग कोर्टाचं.

इथे लसीच्या बाटलीत काही बिघाड असल्याचं तुमच्या सांगण्यातून दिसत नाही. चूक सुईच्या जागेची आहे. दीड वर्षाला बूस्टर म्हणून मिळते ती त्रिगुणी, म्हणजे डांग्या खोकला, घटसर्प, धनुर्वात. ती डाव्या मांडीच्या मध्यावर, पुढच्या-बाहेरच्या बाजूला द्यायची असते. दंडाला दिली ती गोवर-रुबेला, ती बरोबर जागी दिली आहे. पाच-सहा वर्षांचा पुढचा त्रिगुणी बूस्टर दंडात. राष्ट्रीय कार्यक्रमात कुल्ला कुठल्याच वयाला नाही. त्याचं कारण हेच. तान्ह्यांच्या कुल्ल्यात चरबी जास्त, स्नायू थोडा आणि सायाटिक नस तिथूनच खाली उतरते.

लक्षणंही तशीच आहेत. सुई टोचताक्षणी तीव्र कळ आणि त्याच दिवशी पाऊल पडणं. लसीतल्या घटकामुळे काही व्हायचं असतं तर सहसा असं एकाच पायात आणि मिनिटांच्या हिशोबात होत नाही.

चाचणी पाचव्या आठवड्यात झाली हे बरं झालं. पहिल्या आठवड्यात केली की ती फसवी निघते, नसेला मरायला वेळ लागतो. आता पुन्हा एकदा करून घ्या. सुधारणा किती, हे उपचारालाही लागेल आणि वकिलालाही. आणि तो घासलेला बूट टाकू नका. स्प्लिंट दर काही महिन्यांनी लहान होईल, जुनेही ठेवा.

@जागल्या_२१, कोविशिल्डची रक्ताच्या गुठळ्यांची गोष्ट खरी आहे, अत्यंत विरळ आहे आणि वेगळी आहे. कंपनीने ते फेब्रुवारी २०२४ मध्ये लंडनच्या कोर्टातल्या कागदात मान्य केलं हेही खरं. पण या मुलीचा दावा त्या गाड्याला जोडलात तर समोरचा वकील आनंदाने नाचेल. लसीने काही होत नाही हे तो दहा जर्नलं लावून दाखवेल, आणि सुई कुठे टोचली हा प्रश्न कुणी विचारणारच नाही.

साक्षीदार

बालवैद्यांना शंभर टक्के अनुमोदन. वीस वर्षं दिवाणी कोर्टात काळा कोट घालतोय. धागाकर्त्याचा सगळा दावा एका वाक्यावर उभा राहील: सुई चुकीच्या जागी दिली. 'लसीने झालं' हे वाक्य अर्जात, नोटिशीत, पेपरवाल्याशी बोलताना, कुठेही वापरू नका.

आता दारं एकेक करून बघू.

ग्राहक आयोग. तुमच्यासाठी बहुधा बंद. १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालात सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरी सेवा ग्राहक कायद्यात आणली, पण जिथे सगळ्यांना सरसकट फुकट सेवा मिळते ती सरकारी केंद्रं बाहेर ठेवली. अंगणवाडीतलं सत्र फुकट, म्हणजे तुम्ही 'ग्राहक' नाही. ऐकायला वाईट वाटतं, पण कायदा असा आहे.

पोलीस. माझं स्पष्ट मत, जाऊ नका. जेकब मॅथ्यू निकालापासून (२००५) वैद्यकीय निष्काळजीपणाच्या गुन्ह्याला 'घोर' निष्काळजीपणा लागतो आणि आधी दुसऱ्या डॉक्टरचं मत. सुई देणाऱ्या त्या मुलीची नोकरी जाईल, तुम्हाला रुपया मिळणार नाही, आणि गाव फुटेल ते वेगळंच.

दिवाणी दावा. हे तुमचं दार. सरकारी नोकराने काम करताना केलेल्या निष्काळजीपणाला सरकार जबाबदार असतं, यावरचा मोठा निकाल आपल्याच मराठवाड्याचा आहे. औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेत बाईच्या पोटात टॉवेल राहिला, त्यात ती गेली. अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य. नेमका कुठल्या डॉक्टरने टॉवेल ठेवला हे सिद्ध करायची गरज नाही, टॉवेल आपणहून पोटात जात नाही, असा त्याचा मथितार्थ. तुमच्या ताईंना सांगा, दावा सिस्टरवर नाही, राज्य सरकार आणि जिल्हा परिषदेवर करायचा आहे. कुणाच्या पोटावर पाय येत नाही.

हायकोर्टात रिट करूनही भरपाई मिळते, पण वस्तुस्थितीवर वाद असेल (कुल्ला की मांडी) तर ते 'दिवाणी कोर्टात पुरावा द्या' म्हणून परत पाठवतात. म्हणून आधी वाद मिटवणारा कागद हातात हवा.

दुधनाकाठ

साक्षीदार साहेब, खूप आभार. तो टॉवेलचा निकाल कधीचा?

साक्षीदार

शस्त्रक्रिया १९६३ ची. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९९६ चा.

दुधनाकाठ

म्हणजे तेहतीस वर्षं. भाची तोवर आजी होईल.

साक्षीदार

खोटं सांगून काय उपयोग. पण सगळेच दावे इतके चालत नाहीत, आणि कागद पक्का असेल तर लोक अदालतीत तडजोड होते. मुलगी अज्ञान आहे, त्यामुळे दावा आई तिची वादमित्र (तिच्या वतीने दावा चालवणारी) म्हणून लावेल आणि तडजोड करायची तर कोर्टाची परवानगी लागेल. मिळालेली रक्कम बहुतेक वेळा ती सज्ञान होईपर्यंत बँकेत मुदतठेवीत जाते. हे घरच्यांना आत्ताच सांगून ठेवा, नाहीतर नंतर रुसवे होतात.

निवृत्त सिस्टर

मी चौतीस वर्षं एएनएम, म्हणजे गावपातळीवरची सरकारी नर्स, होते. तुमचा धागा वाचून रात्री झोप लागली नाही.

आधी सुई देणाऱ्या त्या मुलीच्या बाजूने दोन शब्द. सत्राला तीस-चाळीस पोरं, आशा एकीकडे यादी घेऊन, आया घाईत. मांडीत द्यायचं तर पोराला मांडीवर आडवं घेऊन दोन्ही पाय दाबून धरावे लागतात, आणि अर्ध्या आया तोंड फिरवतात. खांद्यावर पालथं पोर मिळालं की हात आपोआप कुल्ल्याकडे जातो. आमच्या आधीच्या पिढीने कुल्ल्यातच दिल्या सुया. पण ही सबब नव्हे. पहिल्या दिवसाच्या प्रशिक्षणातच हे घोकून घेतात. चूक ती चूक.

आता मला एक सांगा. जिल्ह्याच्या दवाखान्यात असताना कुणी पोरीची शी डबीत नेली होती का?

दुधनाकाठ

हो!! दोन दिवस लागोपाठ. बर्फाच्या डब्यात ठेवून नेली. आम्हाला वाटलं पोट तपासतायत. आणि दोनेक महिन्यांनी दोन माणसं मोटरसायकलवर घरी आली, तिला अंगणात चालायला लावलं, दोन्ही मांड्यांना टेप लावून मोजलं, काहीतरी लिहून घेऊन गेली. कोण होते कळलंच नाही. तुम्हाला कसं माहीत?

निवृत्त सिस्टर

मग तुमचा कागद सरकारच्याच कपाटात आहे, दादा.

पंधरा वर्षांखालच्या कुठल्याही मुलाचा हात-पाय अचानक लुळा पडला की तो पोलिओ नाही ना, हे बघायला सरकारी यंत्रणा धावते. त्याला एएफपी म्हणतात. देशात शेवटचा रानटी (नैसर्गिक, लसीतल्या विषाणूचा नव्हे) पोलिओ २०११ च्या जानेवारीत हावड्याजवळ सापडला, तरी हे काम अजून चालू आहे. चोवीस तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने, आणि साठ दिवसांनी घरी येऊन पाय परत तपासायचा. मोटरसायकलवाले तेच. आणि पहिल्याच दिवशी डॉक्टर एक मोठा फॉर्म भरतो. त्यात लकवा येण्याआधी मुलाला इंजेक्शन दिलं होतं का, कुठे दिलं होतं, हे आईला विचारून लिहितात. कारण इंजेक्शनने दुखावलेली नस हे लुळ्या पायाचं ओळखीचं कारण आहे, ते वेगळं काढावं लागतं.

ताईंनी त्या दिवशी काय सांगितलं असेल? तेव्हा त्यांच्या डोक्यात ना वकील होता ना भरपाई. पोर कडेवर होती, त्या खरंच बोलल्या असणार.

परळचा पोपट

बाई, तुम्ही डिटेक्टिव्ह आहात!

थोडं अवांतर, पण अगदीच नाही. लस वाईट की हाताळणी, हा खटला आपल्याकडे सव्वाशे वर्षं जुना आहे. १९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातल्या मुलकोवाल गावी प्लेगची लस टोचली आणि एकोणीस जण धनुर्वाताने गेले. सगळे एकाच बाटलीचे, क्रमांक ५३ एन. लस आमच्या परळच्या प्रयोगशाळेत, वाल्डेमार हाफकिनच्या हाताखाली बनलेली. चौकशीचा रोख प्रयोगशाळेवर गेला, हाफकिनला पदावरून दूर केलं. बिचाऱ्याने १८९७ च्या जानेवारीत पहिली सुई स्वतःला टोचून घेतली होती. पुढे उलगडलं ते असं, की गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला आणि तो नीट निर्जंतुक न करताच बुचाला लावला. मलेरियाच्या रॉनल्ड रॉसनेही त्याची बाजू घेतली, आणि १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरला. १९२५ पासून त्या प्रयोगशाळेला त्याचंच नाव आहे.

म्हणजे पडलेला चिमटा शोधायला पाच वर्षं. तुम्हाला तुमचा चिमटा आठव्या महिन्यात सापडतोय.

कोरा कागद

भारी माहिती पोपटराव. आता माझा प्रांत: माहिती अधिकार.

'माझ्या भाचीबद्दल सर्व माहिती द्यावी' असा अर्ज करू नका, 'माहिती मोघम आहे' म्हणून फेटाळतील. अर्ज मामाने नाही, आईने करावा, स्वतःच्या अज्ञान मुलीची कागदपत्रं म्हणून. म्हणजे खाजगी माहितीचं निमित्त राहत नाही. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, मुदत तीस दिवस. नावानिशी मागा: एएफपीचा तपासणी फॉर्म आणि साठ दिवसांचा पाठपुरावा. त्या दिवशीच्या सत्राची टॅली शीट, म्हणजे दिलेल्या डोसांची नोंद. त्या सत्राला कुणाची नेमणूक होती तो आदेश. त्या कर्मचाऱ्याच्या लसीकरण प्रशिक्षणाची नोंद. जिल्ह्याच्या दवाखान्यातला संपूर्ण केसपेपर.

एकाच अर्जात दोन कार्यालयं कोंबू नका. आरोग्य केंद्राला वेगळा, जिल्ह्याला वेगळा. पोचेवर शिक्का घ्या. शिक्का नाही तर अर्ज नाही.

हडसनकाठी

न्यू जर्सीतून. वाचताना सारखी बायकोची आठवण येत होती. चार वर्षांपूर्वी औषधाच्या दुकानात फ्लूची लस घेतली. टोचणाऱ्याने सुई फार वर, खांद्याच्या सांध्याशी घातली. त्या रात्रीपासून हात वर जाईना. वेणी घालता येत नव्हती, मी घालायचो (वाईट घालायचो). वर्षभर फिजिओ.

इथे १९८६ च्या कायद्याने यासाठी वेगळा निधी आहे. लसीच्या प्रत्येक डोसवर, ती जितके रोग टाळते तितके ७५ सेंट कर. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या डोसला २.२५ डॉलर. त्या पैशातून भरपाई. दावा कंपनीवर किंवा नर्सवर नाही, प्रतिवादी केंद्राचं आरोग्य खातं. एक तक्ता आहे: कुठली लस, कुठली इजा, किती तासांत. तक्त्यात बसलात की कारण तुम्ही सिद्ध करायचं नाही, ते नव्हतं हे सरकारने दाखवायचं. २०१७ पासून खांद्याची सुईची इजा त्या तक्त्यात आहे, दुखणं ४८ तासांत सुरू व्हायला हवं. त्रास सहा महिन्यांपेक्षा जास्त टिकलेला हवा आणि पहिल्या लक्षणापासून तीन वर्षांत अर्ज हवा. वकिलाचे पैसेही निधीतून मिळतात, हरलात तरी, दावा प्रामाणिक असेल तर.

आम्हाला दोन वर्षं लागली. मिळाले. कोणी चोर ठरला नाही.

सगळं गोड नाही. कोविडच्या लसी या निधीत नाहीत, त्यांच्या वेगळ्या योजनेत मुदत एका वर्षाची आणि वकिलाचे पैसे नाहीत. ब्रिटनमध्ये १९७९ पासून योजना आहे, १,२०,००० पौंड एकरकमी, पण ६० टक्के अपंगत्व लागतं. भाचीचा पाय तिथे बहुधा बसलाच नसता.

बालवैद्य

आपल्याकडे हे अर्धवट आहे आणि तेच मला खुपतं. औषधाच्या चाचणीत भाग घेऊन इजा झाली तर २०१९ च्या नियमांत भरपाईचं सूत्र आहे. नसबंदी फसली किंवा त्यात काही झालं तर सरकारची योजना आहे. आणि ज्या पोरांना आपण घरोघर जाऊन, मोबाईलवर मेसेज करून बोलावून आणतो, त्यांच्यासाठी तसा ठरलेला निधी नाही. कोविडच्या लशींबद्दल केंद्राने नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की ज्यांना वाटतं त्यांनी दिवाणी कोर्टात जावं. म्हणजे दीड वर्षाच्या पोरीने.

एक राहिलं. लसीकरणानंतरच्या अनिष्ट घटनेची नोंद (एईएफआय) झाली आहे का? दवाखान्यात ठेवावं लागलं आणि अपंगत्व राहिलं, म्हणजे ही 'गंभीर' घटना. आरोग्य केंद्राने ती लगेच वर कळवायला हवी होती. उशीर झाला तरी जिल्हा माता व बाल संगोपन अधिकाऱ्यांकडे लेखी द्या. समिती कारण ठरवते. त्यांच्या वर्गवारीत लसीच्या घटकाने झालेलं वेगळं, लसीच्या दर्जामुळे वेगळं, देण्यातल्या चुकीने वेगळं, भीतीने आलेली चक्कर वेगळी आणि निव्वळ योगायोग वेगळा. तुम्हाला तिसऱ्या खान्यात बसायचं आहे. समिती पैसे देत नाही, पण तिचा कागद कोर्टात बोलतो.

मृदगंध

आम्ही मुलाला खाजगी दवाखान्यात पैसे देऊन लस दिली, तिथे गळू होऊन चिरावं लागलं. आम्हाला ग्राहक आयोग चालेल का?

साक्षीदार

@मृदगंध, पावती असेल तर चालेल. घटनेपासून दोन वर्षांच्या आत. आता आयोग कुठला हे मागितलेल्या भरपाईवर नाही, दिलेल्या पैशांवर ठरतं, म्हणजे लसीला दोन-तीन हजार दिले असतील तर जिल्हा आयोगच. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. दवाखान्याकडे केसपेपर लेखी मागा, ७२ तासांत द्यावे लागतात. पण गळू चिरून बरं झालं असेल तर किती ताणायचं याचा घरी बसून विचार करा.

@दुधनाकाठ, तुमचं राहिलेलं:

फोटो ज्या फोनने काढला तो फोन विकू-बदलू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. इंजेक्शनआधी पोर नीट चालत होती याचा एखादा व्हिडिओ शोधा.

सरकारवर दाव्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची नोटीस, जिल्हाधिकाऱ्यांना दिली तरी चालते. दोन महिने थांबायचं. जिल्हा परिषदेच्या कायद्यातली नोटीस आणि मुदत वेगळी, तीही तुमच्या वकिलाकडून बघून घ्या. मुलगी अज्ञान असल्याने तिची मुदत अठराव्या वर्षापासून मोजता येते, पण त्या भरवशावर बसू नका. साक्षीदारांच्या बदल्या होतात आणि रजिस्टरं वाळवी खाते.

पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, ते जिल्हा कोर्टाच्या आवारातच असतं. स्त्रिया आणि मुलांना उत्पन्नाची अट नाही, वकील मोफत.

आकडा किती? मोटार अपघातात मुलांना आलेल्या अपंगत्वासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ठोकताळा दिला होता. पूर्ण शरीराच्या १० ते ३० टक्क्यांना ३ लाख, ६० पर्यंत ४ लाख, असा. पुढच्या निकालांनी त्याहून बरंच जास्त दिलंय. तेव्हा ३ लाख हा तळ धरा. स्प्लिंट, फिजिओ, ताईंचे बुडालेले दिवस, सगळ्यांची बिलं वहीत चिकटवा.

दुधनाकाठ

व्हिडिओ सापडला! चुलतभावाच्या हळदीत डीजेपुढे नाचतानाचा, सत्राच्या नऊ दिवस आधीचा. दोन्ही पायांवर उड्या मारतेय. ताईने बघितला आणि उठून गेली.

---

दुधनाकाठ (साडेचार महिन्यांनी)

धागा वर काढतोय.

अंगणवाडीच्या आरोग्य केंद्राने माहिती अर्जाला उत्तर दिलं: 'टॅली शीट उपलब्ध नाही.' अपील केलंय. जिल्ह्याकडून मात्र एएफपीचा फॉर्म आला. छायाप्रत फिकट आहे, पण वाचता येते. निळ्या शाईत डॉक्टरच्या हाताने: इंजेक्शन – होय. जागा – डावा कुल्ला. तारीख सत्राची. म्हणजे चौथ्या दिवशी त्यांच्याच माणसाने लिहून ठेवलेलं. मी तो कागद घेऊन वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे गेलो. त्यांनी वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला. मांडीचा विषय पुन्हा निघाला नाही.

एईएफआय समितीपुढे ताईने स्वतः सगळं सांगितलं. निष्कर्ष लेखी मिळाला, लस देण्याच्या पद्धतीतली चूक. 'लसीने नाही' हे वाक्य ताईने गावात चार घरी जाऊन वाचून दाखवलं. दोघांनी दार उघडलं, दोघांनी नाही.

दुसरी नस-चाचणी झाली, थोडी सुधारणा आहे. अपंगत्व प्रमाणपत्र २५ टक्के मिळालं. चाळीसच्या खाली म्हणून योजनांचं काही नाही.

बदलीवरची ती मुलगी एकदा घरी आली होती. चहा घेतला नाही. भाचीला बूट घालून दिला आणि गेली. ताई अजून त्यावर काही बोलत नाही.

निवृत्त सिस्टर

सत्रं सुरू आहेत ना? ताई जातात का?

दुधनाकाठ

जाते. आता आयांच्या शेजारी स्वतः बसते, पोराचे पाय धरायला. नव्या सिस्टर तिच्याशी कामापुरतंच बोलतात.

साक्षीदार

२५ टक्के योजनांना कमी, भरपाईला पुरेसे आहेत. प्राधिकरणाचा वकील मिळाला का? कलम ८० ची नोटीस गेली?

दुधनाकाठ

मिळाला, तरुण आहे पण कागद नीट वाचतो. नोटीस रजिस्टर पोस्टाने गेली. एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, एक जिल्हा परिषदेला.

कोरा कागद

पोच आली का पोच?

दुधनाकाठ

दोन्ही आल्या. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या पोचेवर २३ तारखेचा शिक्का आहे. दोन महिने तिथून मोजायचे, की पोस्टात टाकल्यापासून?

साक्षीदार

तिथून. २३ पासून.